दोन मोठी टीचिंग हॉस्पिटलं समोर आहेत, निवडायचं कसं?

प्रश्न: ताई, माझ्या मोठ्या भावाला स्वादुपिंडाच्या डोक्याकडच्या भागात गाठ निघालीय आणि व्हिपल ऑपरेशन (स्वादुपिंडाचा तो भाग काढून उरलेला आतड्याला जोडतात ते) सांगितलंय. समोर मेडिकल कॉलेजची दोन मोठी हॉस्पिटलं आहेत. एक रँकिंगमध्ये बरंच वर आहे, दुसऱ्याचं एवढं नाव नाही पण ही ऑपरेशन्स तिथे जास्त होतात म्हणतात. शिवाय शिकाऊ डॉक्टर हात लावतील या भीतीने वहिनी रात्रभर झोपत नाही. काय बघून ठरवू?

उत्तर: आधी ते रँकिंग बाजूला ठेवा. त्यात बरंच काही एकत्र मोजलेलं असतं, आणि हार्टचा विभाग नावाजलेला आहे म्हणून तुमच्या भावाच्या स्वादुपिंडाला त्याचा काय उपयोग? तुम्ही हे ऑपरेशन करणारं युनिट, म्हणजे ती टीम, बघा.

व्हिपलमध्ये संख्येला फार महत्त्व आहे, हे मी उगाच म्हणत नाहीये. २००२ मध्ये अमेरिकेतल्या मेडिकेअरच्या (मुख्यतः वयस्कर लोकांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) पेशंट्सचा मोठा अभ्यास आला, त्यात स्वादुपिंडाचा भाग काढायचं ऑपरेशन जिथे वर्षाला जेमतेम एखादं होत होतं तिथे १६.३ टक्के पेशंट दगावले आणि जिथे वर्षाला १६ पेक्षा जास्त होत होती तिथे ३.८ टक्के. म्हणून दोन्हीकडे सरळ विचारा, मागच्या वर्षी किती व्हिपल केले, त्यातले ९० दिवसांत किती पेशंट गेले, आणि जे सर्जन करणार त्यांचे स्वतःचे किती. विचारायला अजिबात संकोच करू नका, रोज हे काम करणाऱ्यांकडे आकडा तयार असतो.

पण मला खरी काळजी ऑपरेशननंतरच्या दिवसांची वाटते. उरलेलं स्वादुपिंड आतड्याला जोडतात, तो जोड कधी कधी गळतो, चांगल्या सर्जनच्या हातूनही गळतो, मग तो पाचक रस शेजारची रक्तवाहिनी कुरतडतो आणि मोठा रक्तस्राव व्हायच्या आधी बऱ्याचदा ड्रेनच्या, म्हणजे पोटातलं पाणी बाहेर काढणाऱ्या, नळीत नुसतं थोडं लाल दिसतं, बस. ते रात्री दोन वाजता कुणी ओळखलं, लगेच सीटी केला आणि इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीचे (स्कॅनवर बघत नळीतून उपचार करणारे) डॉक्टर हजर असले तर जांघेतून बारीक नळी घालून ती वाहिनी आतूनच बंद करता येते. नाही ओळखलं तर पेशंट हातचा जातो. २००९ च्या एका अभ्यासात हेच दिसलं होतं, मोठ्या ऑपरेशन्सनंतर कमी मृत्यूंची आणि जास्त मृत्यूंची हॉस्पिटलं घेतली तर गुंतागुंत दोन्हीकडे जवळपास सारखीच, २४.६ आणि २६.९ टक्के, पण मृत्यू ३.५ आणि ६.९, म्हणजे गडबड झाल्यावर सावरणं कुणाला जमतं त्यातच सगळा फरक. तेव्हा रात्री आणि रविवारी आयसीयूत कोण असतं, इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी २४ तास आहे का, हे नक्की विचारा.

आणि वहिनींना सांगा, रात्री दोनला ती नळी बघायला येणारा बहुतेक रेसिडेंटच, म्हणजे तोच शिकाऊ डॉक्टर, असतो, टीचिंग हॉस्पिटलची ती मोठी जमेची बाजू आहे. विचारायचं ते एवढंच की मुख्य टप्प्यांना सिनियर सर्जन स्वतः टेबलावर असणार का आणि रेसिडेंटचा फोन गेला की रात्री कोण येतं.

दोघांची उत्तरं सारखी आली तर केस ट्युमर बोर्डपुढे, म्हणजे कॅन्सरच्या वेगवेगळ्या तज्ज्ञांच्या एकत्र बैठकीपुढे, ठेवतात का ते बघा, कारण काही गाठींना आधी केमो देऊन मग ऑपरेशन करणं बरं असतं आणि तो निर्णय एकट्या सर्जनचा नसावा. सीटीची फक्त रिपोर्टची प्रत नेऊ नका, सीडी न्या, बायोप्सी झाली असेल तर स्लाइड्सही. मात्र यात आठवड्यांमागून आठवडे घालवू नका, आणि मधेच कावीळ वाढली किंवा थंडी वाजून ताप आला तर तुलना तिथेच थांबवा आणि जे जवळ आहे तिथे त्याच दिवशी न्या.