चूक कळते, पण तिची जोडी सापडत नाही

प्रश्न : अमेरिकेतल्या लॉ स्कूलसाठी एलसॅट या प्रवेशपरीक्षेची तयारी करते आहे. 'पॅरलल फ्लॉ' प्रश्नांत दिलेल्या युक्तिवादातली चूक कळते, पण तशीच चूक असलेला पर्याय निवडताना हमखास घोळ होतो. वकिली मला झेपणार नाही का?

उत्तर : याचा वकिलीच्या कुवतीशी संबंध नाही, वाचायच्या सवयीशी आहे. चूक पकडतेस ना, मग अर्धं काम झालंच. पुढे तू चुकीऐवजी विषय शोधत बसतेस, तिथे फसतेस.

हे बघ : 'नियम पाळणाऱ्या प्रत्येक कारखान्याला परवाना मिळतो. या कारखान्याला परवाना मिळालाय, म्हणजे तो नियम पाळतो.' नियम मोडणाऱ्यालाही परवाना मिळालेला असू शकतो, याचा इथे विचारच नाही. आता विषय पुसून टाक. उरतं ते इतकंच : क असेल तर ख, ख आहे, म्हणून क. पर्यायांत बहुधा एक कारखान्याचाच ठेवलेला असतो : 'याला परवाना मिळाला नाही, म्हणजे हा नियम पाळत नाही.' ओळखीचा वाटतो, पण हा तर्क बिनचूक आहे, म्हणूनच बाद! खरी जोडी भलत्याच विषयात दडलेली असते : 'ही खेळाडू जखमी आहे, कारण तिला वगळलंय आणि जखमी खेळाडूंना नेहमीच वगळतात.' निष्कर्ष आधी आला म्हणून बिचकू नकोस. वाक्यांचा क्रम इथे मोजत नाहीत.

मोजतात तो निष्कर्षाचा जोर. मूळ निष्कर्ष ठाम आणि पर्यायात 'बहुधा' किंवा 'काही' आलं, तर तो पर्याय सहसा गळतो. म्हणून आधी पाचही पर्यायांचे फक्त निष्कर्ष वाच. निम्मे तिथेच उडतात.

ऑगस्ट 2024 पासून लॉजिक गेम्स, म्हणजे कोड्यांचा विभाग, गेला आणि लॉजिकल रिझनिंगचे, म्हणजे असे युक्तिवादाचे प्रश्न ज्यात येतात ते, दोन विभाग गुणांत धरले जाऊ लागले. त्यामुळे हा प्रकार सोडून देऊ नकोस. मात्र 35 मिनिटांत पंचवीसेक प्रश्न असताना अशा लांबलचक प्रश्नावर सुरुवातीलाच अडकूही नकोस. खूण करून पुढे जा, शेवटी परत ये. चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, तेव्हा कोरा तर ठेवूच नकोस.

सरावाला आधी चुकलेलेच प्रश्न घे. पर्याय झाकून दोष एका ओळीत लिही : 'एकेक खेळाडू उत्तम, म्हणून संघ उत्तम', 'नंतर घडलं, म्हणून त्यामुळेच घडलं'. तर्कदोषांची पुस्तकी नावं पाठ करायची गरज नाही, परीक्षेला ती लागत नाहीत.