उसात शिरलेला वाघ की बिबट्या?

शिराळ्याकडच्या एका ताईंचा प्रश्न आहे की गावात सगळे 'उसात वाघ शिरलाय' म्हणतात आणि वनखात्याची माणसं येऊन बघतात तर बिबट्या, मग आपल्या लोकांना प्राणी ओळखता येत नाहीत का शब्दच चुकीचा वापरतात?

ताई, दोन्ही नाही. आपल्याकडची जुनी माणसं बोलताना ऐका, ती 'बिबट्या वाघ' असं जोडून म्हणतात आणि पट्टेवाल्याला 'ढाण्या वाघ'. म्हणजे वाघ हे सगळ्या भावकीचं नाव, बिबट्या आणि ढाण्या ही त्याला लावलेली विशेषणं, आणि कराड-वाळवा-शिराळ्याच्या उसात गाठ पडणार ती बिबट्याचीच, त्यामुळं विशेषण लावायची गरजच पडत नाही, नुसतं वाघ म्हटलं तरी ऐकणाऱ्याला बरोबर कळतं. पट्टेरी राहिला चांदोली-कोयनेच्या जंगलाकडं, तिथं २०१० ला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, पण तो रानात कॅमेरे लावणाऱ्यांनाच कधीतरी दिसणार. अंधारात नुसते डोळे चमकले तर आमच्याकडं 'वाघरू' म्हणतात, हा शब्द मला फार आवडतो, नर-मादी, लहान-मोठं काहीच ठरवायला लागत नाही.

खरी चूक 'चित्ता' म्हणणाऱ्यांची आहे, आणि ती गावापेक्षा व्हॉट्सॲपवर जास्त होते. चित्ता आपल्या देशातनं संपला असं १९५२ लाच जाहीर झालं, २०२२ ला नामिबियातनं आणले ते मध्य प्रदेशात कुनोला सोडले, तो चालत वाळव्याला कशाला येईल? शब्द मूळ संस्कृत 'चित्रक' वरनं आलाय, अर्थ ठिपकेवाला, त्यामुळं ठिपके दिसले की लोक बिनधास्त चित्ता ठोकून देतात. फोटो नीट बघा, चित्त्याचे ठिपके भरीव काळे आणि डोळ्यापासनं तोंडापर्यंत काजळ ओघळल्यासारखी रेघ, बिबट्याच्या अंगावर मधे पोकळ अशी फुलं असतात आणि ती रेघ नसते.

अजून एक शब्द मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवायला पाहिजे, वाघाटी. ऊसतोडीला फडात पिल्लं सापडली की लगेच 'बिबट्याची पिल्लं' म्हणून फोटो फिरतात, पण बऱ्याचदा ती वाघाटीची निघतात. पूर्ण वाढलेली वाघाटी पण दीडेक किलोचीच भरते, घरच्या मांजरापेक्षा लहान, जगातल्या सगळ्यात छोट्या रानमांजरांत तिचा नंबर लागतो. कपाळावर पांढऱ्या उभ्या रेघा आणि पाठीवर तांबूस ठिपक्यांच्या ओळी, एवढं बघितलं तरी ओळख पटते.

आणि नाव काही का असेना, पिल्लं पाटीत घालून गावभर दाखवत फिरवू नका. वनखात्याला फोन करा, ते पिल्लं परत त्याच फडात ठेवायला बघतात कारण रात्री आई त्यांना न्यायला येते.