वाचकांचे प्रश्न : ‘त्यांनी’ म्हणजे नेमके कोणी?

प्रश्न : आमच्या पंचायतीच्या ग्रामसभांची इतिवृत्ते संगणकावर घातली आहेत. ‘सरपंच काय म्हणाले?’ असे विचारले की बरीच विधाने सापडत नाहीत, काही भलत्याच पंचाच्या नावावर पडतात. चूक कुठे होते? (फोंडा)

उत्तर : इतिवृत्तात सरपंचांचा उल्लेख सुरुवातीला एकदा येतो. पुढे ‘ते’, ‘त्यांनी’, ‘अध्यक्ष’ आणि पुष्कळदा काहीच नाही. एकाच व्यक्तीचे असे सगळे उल्लेख ओळखून एका गटात आणणे म्हणजे सहसंदर्भ लावणे. तंत्रज्ञ त्याला कोरेफरन्स रिझोल्यूशन म्हणतात. (‘गट’पेक्षा ‘साखळी’ शब्द शोभला असता, पण गोव्यात साखळी म्हटले की गावच आठवते.)

तुमचे घोडे बहुधा त्या ‘काहीच नाही’पाशी अडले आहे. ‘सरपंचांनी अंदाजपत्रक मांडले. मग प्रश्नांना उत्तरे दिली.’ दुसऱ्या वाक्यात कर्ताच नाही. इंग्रजीसाठी बेतलेली मॉडेले (उदाहरणांवरून शिकवलेल्या संगणक-प्रणाली) लिहिलेल्या शब्दांतूनच उल्लेख निवडतात, त्यामुळे गाळलेला कर्ता त्यांच्या हाती लागत नाही. म्हणून आधी अशा प्रत्येक क्रियापदाजवळ ‘[लुप्त]’ अशी खूण घाला आणि तीही एक उल्लेख म्हणून धरा. इंग्रजीतून भाषांतरित केलेल्या सामग्रीवर शिकवून हे साधत नाही, कारण तशा मराठीत सर्वनामे गरजेपेक्षा जास्त येतात. वीसेक इतिवृत्ते दोघांनी स्वतंत्रपणे खुणा करून काढा. जिथे दोघांचे जुळत नाही तिथे नियम लिहून ठेवा, मगच पुढची घ्या.

आता लुप्त कर्ता शोधायचा कसा? क्रियापदावरून, पण फसवते तेही क्रियापदच. ‘त्याने माटोळी बांधली. मग दमून बसला.’ ‘बसला’ कर्त्याप्रमाणे चालते, म्हणून पुरुष हे कळते. ‘बांधली’ मात्र माटोळीप्रमाणे (गणपतीवर टांगतात ती फळापानांची चौकट, स्त्रीलिंगी) चालते. त्यावरून कर्ता बाई धरला की गट फुटला. कर्त्याला ‘ने’ किंवा ‘नी’ असेल तर क्रियापदाचे लिंग कर्माचे समजा. कर्माला ‘ला’ लागला असेल (‘त्याने तिला बोलावले’) तर ते नपुंसकलिंगी एकवचनी, त्यातून लिंग काहीच कळत नाही. ‘शिकणे’, ‘विसरणे’ ही क्रियापदे अपवाद : ‘ती धडा विसरली’. म्हणून शब्दरूपे सुटी करताना प्रत्यय छाटून फेकू नका, बाजूला नोंदवा. म्हापसा, म्हापशात, म्हापशाला ही एकाच गावाची रूपे आहेत हेही त्याच टप्प्यावर लागते.

आणखी एक. उल्लेख शोधणे आणि त्यांचे गट करणे एकदमच शिकणाऱ्या 2017च्या मूळ ‘एंड-टू-एंड’ मॉडेलमध्ये उल्लेखाची कमाल लांबी 10 शब्द होती. तुमच्या ठरावांतली कामांची नावे त्याहून लांब असतील, तर ही मर्यादा तपासून वाढवा.

प्रश्न : मराठी बातमीचे यंत्राने इंग्रजी केले की बाई अधिकाऱ्याचा पुरुष होतो. का? (मडगाव)

उत्तर : ‘त्यांनी’ला लिंगच नाही. आदरार्थी एक बाई, एक पुरुष किंवा दहा जण, सगळ्यांना हेच रूप. इंग्रजीत मात्र निवड करावी लागते आणि यंत्र एकेक वाक्य सुटे पाहत असेल तर सवयीने पुरुष धरते. निदान आख्खा परिच्छेद एकदम द्या. आधी कुठेतरी ‘त्या म्हणाल्या’ आले असेल तर बहुधा निभावते. भाषणाच्या ध्वनिमुद्रणावरून उतरवलेल्या मजकुरात अधिक सावध राहा. कोकणीत मुलीला ‘तें’ म्हणतात. ते वळण मराठीत उतरले की यंत्र ‘ते’ला वस्तू किंवा आदरार्थी पुरुष समजते.

प्रश्न : प्रकल्पात आमच्या सहसंदर्भ लावणाऱ्या प्रणालीला एका मोजमापाने 80 आणि दुसऱ्याने 44 गुण मिळाले. खरे कोणते? (डिचोली)

उत्तर : दोन्ही. समजा ‘सरपंच, ते, त्यांनी, अध्यक्ष’ हा चार उल्लेखांचा एकच खरा गट आहे आणि प्रणालीने त्याचे दोन-दोनचे दोन गट केले. ‘एमयूसी’ हे मोजमाप उल्लेखांमधले दुवे मोजते (चार उल्लेख जोडायला तीन लागतात) : तीनपैकी दोन सापडले म्हणजे 66.7 टक्के, चुकीचा एकही नाही म्हणजे 100 टक्के, या दोहोंची हरात्मक सरासरी 80. ‘बी-क्यूब्ड’ प्रत्येक उल्लेखाला त्याचे किती सोबती मिळाले ते पाहते : निम्मे, चुकीचा सोबती एकही नाही, म्हणून त्याच हिशेबाने 66.7. ‘सीएएफ’चा गटांवर चालणारा प्रकार एका खऱ्या गटाला एकच गट जोडतो आणि दुसरा फुकट जातो, म्हणून 44.4. तिघांची सरासरी 63.7, 2011च्या कोनल स्पर्धेपासून (भाषा-संगणनातली प्रणालींची स्पर्धा) हीच सरासरी सांगायची पद्धत आहे. 2012च्या स्पर्धेत इंग्रजी, चिनी आणि अरबी या भाषा होत्या, तेव्हा तिथले आकडे मराठीच्या शेजारी मांडू नका. शिवाय तिथल्या सामग्रीत एकदाच आलेल्या उल्लेखांना खूण केलेली नाही. तुम्ही केली असेल तर गुण त्यामुळेही हलतात. अहवालात ते स्पष्ट लिहा.