केगावच्या कॅम्पसवर नवीन आलेल्यांसाठी

वर्गाच्या ग्रुपवर फिरत आलेल्या बातमीवर विसंबू नकोस. तिथं परिपत्रक येईपर्यंत मुदत बऱ्याचदा संपत आलेली असते. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या संकेतस्थळावर परिपत्रकं असतात. आठवड्यातून दोनदा स्वतः बघ. विभागाबाहेरचा फलकही वाच. आणि ऑफिसमधल्या क्लार्ककाकांशी नीट ओळख ठेव, कुठला कागद कुठं अडलाय हे त्यांनाच ठाऊक असतं.

महाडीबीटीचा, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरचा फॉर्म आधी भर. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, मार्कशीट हे स्कॅन करून मोबाईलमध्ये तयार ठेव. बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का, हे बँकेत जाऊन विचार. अर्ज मंजूर होऊनही पैसे अडकतात ते बहुतेक इथंच. गावाकडून येणाऱ्यानं ‘कमवा व शिका’ योजनेची (शिकता शिकता काम करून पैसे मिळवायची सोय) चौकशी जरूर करावी, त्यात लाज कसली!

आता माझ्या जिव्हाळ्याची गोष्ट. ‘आविष्कार’ संशोधन स्पर्धेत भाग घेच. विषय शोधायला लांब जायची गरज नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांतून निघणारं रंगाचं पाणी, मंगळवेढ्याची ज्वारी, सिद्धेश्वर तलाव, सगळं हाताशी आहे. पोस्टरवर मजकूर कमी आणि आकडे, फोटो जास्त ठेव. परीक्षक ‘हे तू स्वतः मोजलंस का?’ असं विचारतातच.

एनएसएसमध्ये (राष्ट्रीय सेवा योजनेत) जायचं असेल तर दोन वर्षांचे २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर पूर्ण करायची तयारी ठेव, तरच प्रमाणपत्र हातात पडतं.