'विकर' नको, 'वितंचक' म्हणा

प्रश्न : रोगजंतूंमधल्या 'अँटिऑक्सिडंट एन्झाइम'ना मराठीत काय म्हणावं? आणि अँटिऑक्सिडंट तब्येतीला चांगले ना, मग ते जंतूंकडे कसे?

दुसरा भाग आधी घेतो, कारण हा गैरसमज ऐकून ऐकून कान किटले आहेत. ऑक्सिडीकरण रोखतं ते अँटिऑक्सिडंट. त्यात भलं कोणाचं होतं, याच्याशी शब्दाला कर्तव्य नाही. आपल्या पांढऱ्या पेशी जंतूला गिळतात आणि त्याच्यावर सुपरऑक्साइड व हायड्रोजन पेरॉक्साइड या ऑक्सिडीकरण करणाऱ्या रसायनांचा मारा करतात. जंतूकडचं सुपरऑक्साइड डिस्म्युटेज हे एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया झपाट्यानं घडवणारं प्रथिन, सुपरऑक्साइडचं पेरॉक्साइड करतं, कॅटलेज हे दुसरं एन्झाइम ते पेरॉक्साइड फोडून पाणी आणि ऑक्सिजन मोकळे करतं, आणि जंतू तगतो. काचपट्टीवर स्टॅफिलोकोकस या जंतूचा ठिपका घेऊन पेरॉक्साइडचा थेंब टाका, लगेच बुडबुडे फसफसतात. स्ट्रेप्टोकोकस या जंतूकडे कॅटलेज नसतं, त्याच्यावर तोच थेंब गप्प पडून राहतो. प्रयोगशाळेत या दोघांना असंच वेगळं ओळखतात.

आता शब्द. 'एन्झाइम' हा विल्हेल्म क्यून यांनी 1870च्या दशकात घडवला : ग्रीक 'एन' म्हणजे आत आणि 'झ्यूमे' म्हणजे आंबवण, खमीर. खमिराच्या आत असणारं ते एन्झाइम. आणि आपल्याकडे? संस्कृतात 'आतंचन' म्हणजे विरजण! धातू तञ्च्, धातुपाठात म्हणजे संस्कृत धातूंच्या यादीत अर्थ दिलाय संकोचन : आक्रसणं, गोठणं. पातळ दूध घट्ट होतं ना, तेच. एन्झाइमसाठीचा मराठी शब्द 'वितंचक' त्याच धातूवर उभा आहे. ग्रीक शब्दाच्या पोटात जे खमीर, तेच आपल्या शब्दाच्या पोटात विरजण. हा योगायोग नसावा असं मला ठामपणे वाटतं. ज्यानं कोणी हा शब्द बसवला, त्याला एन्झाइमची व्युत्पत्ती तोंडपाठ असणार.

असं असताना पाठ्यपुस्तकांतून एन्झाइमला 'विकर' हा शब्द का चालवतात? म्हणे सोपा आहे. वि अधिक कृ, म्हणजे 'विकारा'चा सख्खा भाऊ. काय बदलतं, कशानं बदलतं, काही कळत नाही. अक्षरं कमी म्हणून शब्द सोपा, हा युक्तिवाद मला मान्य नाही. अर्थ उलगडून दाखवतो तो शब्द सोपा.

तर 'ऑक्सिडीकरणरोधी वितंचक' म्हणा. लांब आहे, पण खरं बोलतो. 'संरक्षक विकर' असं मोघम मात्र लिहू नका, कारण या वितंचकांची बाजू ठरलेली नसते. क्षयाच्या जंतूचं कॅटजी (KatG) हे कॅटलेजच्या जातीचं वितंचक पाहा. ते पेरॉक्साइडपासून जंतूला वाचवतं, आणि आपण दिलेल्या आयसोनियाझिड या औषधाला कार्यक्षमही तेच करतं, म्हणजे जंतूचा घात त्याच्याच हातून होतो. या कॅटजीच्या जनुकात बिघाड झाला की औषध निकामी ठरतं आणि जंतू दाद देईनासा होतो.