जुन्या टूरिंग गाडीचा पहिला मालक कोण होता, हे कसं शोधायचं?

तुम्ही विचारलंय की घरात १९२०च्या दशकातली रोल्स-रॉइस टूरर, म्हणजे उघड्या बॉडीची गाडी आहे, पणजोबांनी कोरी घेतली असं सगळे सांगतात, ते खरं की नाही कसं कळणार आणि त्याने किंमत वाढते का. किमतीचं नंतर बघू. पहिल्या भागावर मात्र मला गप्प बसवत नाही, कारण आमच्याकडे सेम गाडी, सेम पणजोबा, सेम गोष्ट.

आमची ट्वेंटी. म्हणजे धाकटी रोल्स, १९२२ ते १९२९ मध्ये २,९४० बनल्या, सहा सिलिंडर, ३,१२७ सीसी. थोरल्या काकांचं म्हणणं, ही १९२२च्या पहिल्या खेपेतली, पणजोबांनी ऑर्डर देऊन बांधून घेतलेली. आता गंमत बघा, आमच्या गाडीला चार गियर, दांडा ड्रायव्हरच्या उजव्या हाताला, ब्रेक चारही चाकांना. सुरुवातीच्या ट्वेंटींना तीनच गियर होते, दांडा मधे, ब्रेक फक्त मागे. बाकीचं सगळं १९२५ला आलं. हे काकांना सांगितलं तर म्हणाले, तू कालचा पोरगा.

खरा राडा झाला रंगाच्या वेळी. मी एकोणीस वर्षांचा, सुट्टीत पेंटरच्या हाताखाली ओला पॉलिश पेपर घासत बसायचो. मागच्या डाव्या दारावरचा क्रीम गेला, खाली मरून, त्याखाली काळा, आणि काळ्यात एक सोनेरी रेघ. पाणी मारून बोटाने पुसलं तर दोन अक्षरं, एकमेकांत गुंफलेली, आगपेटीएवढी, एम आणि एच. ब्रशने काढलेली, एचच्या आडव्या रेघेला केसाएवढा लाल काठ. आमच्या घराण्यात एम-एच असं कोणी झालंच नाही. पेंटर म्हणाला, साहेब हे राहू द्या, असा हात आता कोणाकडे नाही. काका आले, चष्मा कपाळावर सरकवून वाकून पाहिलं आणि म्हणाले, बॉडीवाल्याचा मार्क असेल, घासा. अहो बॉडीवाल्याची पट्टी दाराच्या उंबऱ्यावर असते, आमच्याही गाडीला होती! रोल्स फक्त चासी (इंजिन-चाकांसकट खालचा सांगाडा), रेडिएटर आणि बॉनेट द्यायची, ट्वेंटीची नुसती चासीच १,१०० पौंडांची, वरची बॉडी बार्कर, हूपर असल्यांकडून बांधून घ्यायची, हे काकांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. दहा मिनिटांत पत्रा उघडा पडला. माझ्याकडे कॅमेरा नव्हता.

रात्री जेवताना आजी म्हणाली, ती गाडी एका बाईंची होती, त्या गेल्यावर मामंजींनी घेतली, मला सासूबाईंनी सांगितलंय. काका म्हणाले, आई, तुला गाड्यांतलं काय कळतं. विषय बंद.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर: बॉनेट उघडा, फायरवॉलवरच्या (इंजिनामागच्या पत्र्याच्या भिंतीवरच्या) पट्टीचा आणि चासीवर ठोकलेला नंबर जुळतो का बघा, पट्टी काय कोणीही बदलतो. कंपनीची जुनी चासी कार्डं इंग्लंडात पॉलर्सपरीला हंट हाऊसमध्ये, तिथल्या रोल्स-रॉइस एन्थुझिअस्ट्स क्लबकडे आहेत, नंबर कळवून फी भरली की प्रत मिळते. गाडी कोणासाठी, कोणत्या बॉडीवाल्याकडे, कधी गेली ते त्यात असतं. मी बारा वर्षांनी मागवली. साल १९२६, नाव एका बाईंचं, आद्याक्षरं एम आणि एच. आजी तोपर्यंत गेली होती.

पणजोबा दुसरे मालक. त्यात कसला आलाय कमीपणा? सेकंडहँड गाडी घेऊन जन्मभर चालती ठेवली की त्या माणसाने. त्यामुळे माझं ऐकाल तर रंगाला हात लावायच्या आधी कोपरान् कोपऱ्याचे फोटो काढा, घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा, पुरुषांना नंतर विचारा, आणि कागदांची फाईल एकाच काकांच्या कपाटात राहू देऊ नका.

आणि हो, नुसते पुढचे ब्रेक बघून साल ठरवू नका, जुन्या गाड्यांनाही ते मागाहून बसवलेत. कार्डावर कधीकधी एजंटचंच नाव निघतं. कार्डावर बंद बॉडी आणि तुमच्या दारात टूरर असेल तर घाबरू नका, बंद बॉडी उतरवून उघडी चढवायचे प्रकार भरपूर झालेत. दुसऱ्या कंपनीची गाडी असती तर एवढी सोय मिळालीच असती असं नाही. किंमत? मालक नावाजलेला असेल तर फरक पडतो, आमच्या बाईंनी काही पडला नाही.

रॅलीत गाडीपुढे अजून तोच बोर्ड असतो, १९२२, मूळ मालक पणजोबा. कार्डाची झेरॉक्स मी दाराच्या खिशात ठेवतो, काका काढून टाकतात, मी दुसरी ठेवतो. सध्या सहावी चालू आहे.