तुझं बाळंतपण कोण करतंय?

"मॅडम, बाळाकडे बघून मला काहीच वाटत नाही. मी वाईट आई आहे का?"

मी समुपदेशक. २०२० च्या टाळेबंदीत हा प्रश्न मला फोनवर इतक्या जणींनी विचारला, की पुढे पुढे पहिल्या हुंदक्यावरूनच मला तो ओळखू यायचा. आता त्यांच्यातल्याच काही जणी दुसऱ्यांदा दिवस राहिल्यावर येतात आणि विचारतात, "मागच्यासारखं होणार नाही ना?" म्हणून मृदुलाची गोष्ट सांगते. नाव आणि तपशील अर्थातच बदललेत.

मृदुला पुण्यात, माहेर सांगलीकडे. डोहाळजेवण झालं की माहेरी जायचं ठरलं होतं. २५ मार्चला सगळं बंद झालं आणि जिल्ह्याबाहेर जायला ई-पास लागू लागला. बाळंतपण पुण्यातच झालं. मालिशवाल्या बाईंना सोसायटीनं गेटवरूनच परत पाठवलं. नवरा घरूनच काम करत होता, म्हणजे दार लावून दिवसभर कॉलवर. तिचा पहिला फोन आला तेव्हा बाळ २६ दिवसांचं होतं.

सुरुवातीचे दोन फोन कोरोनातच गेले. दुधाच्या पिशव्या साबणानं धुवायच्या, हात धुऊन धुऊन बोटांना चिरा पडलेल्या. आणि एक वही. दर तासाला थर्मामीटर लावून ती बाळाचा ताप त्यात लिहायची, रात्रीसुद्धा. बाळाला ताप एकदाही आला नव्हता.

"काळजी करू नकोस" असं मी तिला म्हटलं नाही. हे वाक्य मी माझ्या विद्यार्थ्यांनाही वापरू देत नाही. मी म्हटलं, "कालचं पान वाचून दाखव."

"एक वाजता ९७.८. दोन वाजता ९७.६. तीन वाजता..." अशा वीस-बावीस ओळी.

"आता मृदुला कधी जेवली, कधी झोपली ते वाच."

"ते नाही लिहिलं."

"मग मला सांग, तुझं बाळंतपण कोण करतंय?"

ती गप्प झाली. मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. मी तीन मोजल्या. मग म्हणाली, "कोणीच नाही. माझं मीच." आणि रडायला लागली. मी मध्ये बोलले नाही. बऱ्याच वेळानं एवढंच ऐकू आलं, "आई इथं असती तर तिनं मला न्हाऊ घातलं असतं."

त्या दुपारी मला माझ्याच भाषेतलं एक साधं काही नव्यानं दिसलं. "माझी दोन्ही बाळंतपणं आईनं केली" असं आपण किती सहज म्हणतो! बाळंतपण ही दुसऱ्या कोणीतरी करायची गोष्ट आहे. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेक यांत वैद्यकीय तथ्य किती, हा वाद राहू दे (बंद खोलीत शेगडी मात्र नकोच). पण त्या सवा महिन्यात बाळाला धरणारीला कोणीतरी धरून असायचं. नुसतं बाळ असं काही नसतंच, त्याला सांभाळणारं माणूस धरूनच ते बाळ असतं, असं ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक विनिकॉट म्हणत. मी त्यात भर घालते, नुसती बाळंतीणही नसते. मृदुलाची माया आटली नव्हती. इतक्या दमलेल्या अंगाला ती जाणवणार कशी?

पुढच्या वेळी नवऱ्याला स्पीकरवर घेतलं. "मी मदत करतोच की," तो म्हणाला.

"मदत नको. बाळंतपण करा."

रात्री दहा ते दोन बाळ त्याच्याकडे. काढून ठेवलेलं दूध त्यानं पाजायचं, तिनं सलग झोपायचं. सकाळी सांगलीच्या आजी व्हिडिओ कॉलवर, जावयाला खीर शिकवायला. ताप दिवसातून दोनदाच, तोही त्यानं बघायचा. वहीत मृदुलानं फक्त स्वतःचं लिहायचं. तिला मी मानसोपचारतज्ज्ञांनाही दाखवायला लावलं. तिला गोळ्या लागल्या नाहीत. काहींना लागतात, आणि अंगावर पाजताना चालतील अशाही असतात. त्या घेण्यात कमीपणा नाही.

बाळंतपणानंतर पहिल्या आठवड्यात उगाच रडू येणं पुष्कळ जणींना होतं आणि दोनेक आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही टिकलं, बाळ झोपलं तरी डोळा लागेना, अन्न गोड लागेना, तर वाट बघू नका. आणि स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार, भास, भलते संशय असं काही दिसलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, तिला एकटं सोडू नका. तेव्हा नव्हती, पण आता टेली-मानसची १४४१६ ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन चोवीस तास असते. "सगळ्याच बायकांना होतं" हे सासूबाईंनी म्हटलं तरी थांबू नका, आणि आईनं म्हटलं तरी.

सातव्या फोनला तिनं वही वाचली. "खीर करपली. तरी खाल्ली. दुपारी दीड तास झोप. उठले तर बाळ जागंच, पंख्याकडे बघत होतं. मीपण बघत बसले."

"आणि आज ताप किती?" मी मुद्दाम विचारलं.

"अय्या, ते यालाच विचारायला हवं!"